म्हातारीचा निळा धूर

गेल्या वर्षी आमच्या घरात दोघांना डॉक्टर लागला. एक अण्णांच्या डोळ्याला आणि एक अण्णांच्या ट्रकला. डोळ्याला खरा डॉक्टर मिळाला. ट्रकला मी मिळालो.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ऐंशीच्या पुढे, मुक्काम पोशीर, धंदा भातशेती आणि इतरांच्या चुका काढणे. ट्रक त्यांनी तरुणपणी घेतला, तेव्हाच तो जुना होता. पुढे लांब नाक, दोन बाजूंना गोल दिवे, आणि तोंडावर अशी जाळी की कोणीतरी आत्ताच वाईट बातमी सांगितली आहे असं वाटावं. या ट्रकाने आमचं भात वाहिलं, गावाच्या विटा वाहिल्या, पेंढा वाहिला आणि माझ्या लग्नात माझी बायको वंदनाही वाहून आणली. (लग्नातल्या शालूला डिझेलचा वास अजून येतो, असं वंदना दर दिवाळीला कपाट आवरताना सांगते.) अण्णा ट्रकाला म्हातारी म्हणतात. ती त्यांच्यापेक्षा वयाने लहान आहे, पण हे त्यांना सांगायची कोणाची छाती नाही.

कागदपत्रं सगळी नीट आहेत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ती माझ्याकडे असतात.

म्हातारीची एक खोड आहे. ती बटण दाबून चालू होत नाही. तो भाग कधीच मेला. म्हणून आमच्या घरासमोरच्या उतारावर, नाक खाली करून आणि चाकाखाली दगड लावून तिला उभं करायचं. चालू करायची वेळ आली की दगड काढायचा, ती घरंगळते, मग गिअर टाकायचा, की ती खोकत, कुरकुरत उठते. ही पद्धत आमच्या घरात इतकी मुरली आहे की माझी बहीण माहेरपणाला आली की आधी दगड बघते आणि मग आईच्या फोटोला नमस्कार करते.

आता माझ्याविषयी. मी कर्जतला एका पतसंस्थेत हिशेब तपासतो. घरीही तपासतो. गॅसची टाकी आली की वजन करून घेतो. दुधाचं माप बघतो. आमचं नवं घर बांधलं तेव्हा मी पाणसळ, म्हणजे ती बुडबुडा असलेली पट्टी, घेऊन गवंड्याच्या मागे इतका फिरलो की शेवटी तो म्हणाला, "साहेब, भिंत सरळ हाय. तुमीच जरा वाकडे उभे हाव." त्यामुळे घरात मोजमापाचा कुठलाही प्रश्न आला की सगळे माझ्याकडे बघतात. हा मान मी वर्षानुवर्षं कष्टाने मिळवला होता. तो कसा गेला, तेच सांगतो आहे.

अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं: धूळ नाही, धूर नाही, वाकायचं तर अजिबात नाही. घरी आल्यावर अण्णांनी काळा चष्मा चढवला, ओटीवर बैठक मारली आणि मला बोलावलं.

"दिन्या, म्हातारीचं तेल बघत जा रं. मला वाकायची बंदी हाय."

"बघतो. किती असायला पाहिजे?"

"गेजवर दोन खुणा हायत. त्याच्या मधी."

"मध्ये म्हणजे नेमकं कुठे?"

"मधी म्हंजे मधी!"

गेज म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची लांब पट्टी. ती ओढून काढायची, फडक्याने पुसायची, परत आत घालायची, परत काढायची आणि तेल कुठवर लागलंय ते बघायचं. मी शनिवारी सकाळी ट्रकाकडे गेलो. पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. तेल पट्टीच्या अगदी टोकाला, ओठाला लागलेल्या ताकाएवढं!

म्हणजे अण्णा इतके दिवस कोरड्या इंजिनावर गाडी हाकत होते? मी नेरळला जाऊन तेलाचे डबे आणले आणि 'मधी' हा शब्द मोघम असल्यामुळे तेल थेट वरच्या खुणेपर्यंत भरलं. वरच्या खुणेपर्यंत म्हणजे बरोबर वरच्या खुणेपर्यंत. एक थेंब इकडे नाही, एक तिकडे नाही. काम कसं नेमकं असावं!

रविवारी माझा धाकटा भाऊ प्रकाश म्हातारीला पाय मोकळे करायला कळंबपर्यंत घेऊन गेला. प्रकाश टेंपो चालवतो. तो परत आला तेव्हा आधी धूर आला, मग ट्रक आला, मग खोकत प्रकाश आला.

"दादा, ही लय धूर मारते रे! आरशात मागचं काही दिसतच नाही."

"किती धूर? आधीपेक्षा किती जास्त?"

"दादा, धूर काय लिटरमध्ये सांगू?"

मी पट्टी काढली. तेल वरच्या खुणेच्या खाली उतरलेलं. एका फेरीत! मी परत भरलं. पुढच्या रविवारी फेरी, परत धूर, परत तेल कमी, परत मी भरलं. असं पाच रविवार चाललं. गाडी तेल पीत होती आणि मी पाजत होतो. माझ्या लक्षात आलं, हे साधं प्रकरण नाही. इंजिन झिजलं आहे.

मग मी अभ्यास केला. (मोबाइलवर. त्यात एक बाबा पंजाबीत समजावतात. भाषा कळत नाही, पण ते हात फार छान करतात.) त्यातून कळलं ते असं: काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, पांढरा धूर म्हणजे पाणी किंवा थंडी, आणि निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पिस्टनच्या रिंगा गेल्या, आतली भिंत झिजली, की खालचं तेल वर चढतं आणि जळतं. निळा धूर दिसला की समजायचं, इंजिन स्वतःचंच रक्त जाळतंय.

आता आमचा धूर निळा होता का? इथे घरात दोन पक्ष पडले.

"निळाच आहे," मी म्हणालो.

"राखाडी," वंदना म्हणाली.

"धुरासारखा आहे," प्रकाश म्हणाला.

असल्या बाबतीत मतावर जायचं नसतं. तुलनेला एक ठरावीक नमुना लागतो. वंदनाची आकाशी रंगाची सुती साडी दोरीवर वाळत होती. मी ती काढली, सायलेन्सरच्या मागे बांबूला बांधली आणि प्रकाशला इंजिनाला रेस द्यायला सांगितलं. धूर साडीवरून जात असताना मी दोन्ही रंग ताडून बघत होतो. पहिल्या मिनिटाला धूर साडीपेक्षा किंचित गडद होता. दुसऱ्या मिनिटाला दोन्ही अगदी सारखे झाले.

"बघ! जुळला! निळाच!" मी ओरडलो.

वंदना मागून येऊन उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "अहो, धूर साडीसारखा झाला नाही. साडी धुरासारखी झाली."

त्या दिवशी जेवणात मीठ नव्हतं. मी मागितलंही नाही.

पण मी मागे हटलो नाही. पंजाबी बाबांची आणखी एक कसोटी होती. तेल भरायच्या तोंडावरचं झाकण काढून नुसतं उलटं ठेवायचं. इंजिन चालू असताना ते नुसतं थरथरलं तर ठीक, उडालं तर आतला दाब खाली गळतोय. आमचं झाकण उडालं आणि थेट शेजारच्या वाळत घातलेल्या कुरडयांत जाऊन पडलं. मागोमाग तेलाची एक चूळही आली. माझा शर्ट गेला. शेजारच्या काकूंच्या कुरडया गेल्या. त्यांनी भिंतीपलीकडून माझ्या शिक्षणाबद्दल जे विचारलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा निकाल लागला. दुपारी सगळे जेवायला बसले असताना मी तो जाहीर केला.

"अण्णा, रिंगा गेल्या. इंजिन आतून झिजलंय. आता ते उतरवून पूर्ण काम करावं लागेल, आणि या गाडीचे सुटे भाग आता मिळत नाहीत. म्हातारी संपली."

अण्णांचा हात भाकरीवर थांबला. काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते.

"दिन्या, तू नीट मोजलंस?"

"दर रविवारी."

"मंग झालं," अण्णा म्हणाले. "तू मोजलंस म्हंजे झालं."

त्यांनी उरलेली भाकरी तशीच ठेवली आणि ओटीवर जाऊन बसले. माझ्यावर इतका विश्वास त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच दाखवला होता, आणि मला त्याचा अजिबात आनंद होत नव्हता.

खालापूरजवळ एक मोठं हॉटेल आहे. त्याचा मालक दोन वर्षं म्हातारीच्या मागे होता. त्याला ती दारात शोभेला उभी करायची होती. लोक जेवून झाल्यावर तिच्याशेजारी फोटो काढतील, अशी त्याची योजना. मी त्याला फोन केला. तो खूश! मी अण्णांना सगळं समजावून सांगितलं.

"इंजिन काढून टाकणार आहेत ते. त्या जागी माती भरून मोगरा लावणार."

"इंजिनाच्या जागी मोगरा?"

"हो."

अण्णांनी उतारावरच्या म्हातारीकडे बघितलं. मग म्हणाले, "आन् पानी कोन घालनार रं त्याला?"

वंदना उठून आत गेली. प्रकाशने उगाचच मोबाइल काढला.

"दे," अण्णा म्हणाले. "पन दोरी बांधून नाय न्यायची. ती आपल्या पायानं जाईल. आन् मी बरोबर येनार."

"अण्णा, डॉक्टरांनी धूर नको सांगितलंय."

"धूर मागं जातोय. मी फुडं बसनार."

ठरलेल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. प्रकाश चालवायला, शेजारी अण्णा काळ्या चष्म्यात, मग वंदना मांडीवर डबा घेऊन, आणि दाराशी मी, पायाशी तेलाचा शिल्लक डबा घेऊन. प्रवास लांबचा म्हणून मी त्या दिवशी वरच्या खुणेच्याही थोडं वर तेल भरलं होतं. निदान शेवटच्या दिवशी तरी तिची आबाळ नको, हा विचार.

मी दगड काढला, पळत येऊन चढलो, म्हातारी घरंगळली आणि उठली. मागे आमचं घर होतं ते दिसेनासं झालं. म्हणजे लांब गेलो म्हणून नाही. धुरामुळे.

कशेळ्याला पोहोचलो तर बाजार भरात होता. पुढे एसटी वळत होती, मागे जीपा भरत होत्या, आम्ही मधोमध अडकलो. इंजिन बंद करायची सोय नाही, कारण सपाटीवर ती परत उठणार कशी? म्हणून ती उभ्या उभ्या धूर सोडत राहिली. निळा, दाट, जमिनीलगत पसरणारा. तो भाजीवाल्यांत शिरला, चपलांच्या दुकानात शिरला, तिथून मागच्या आळीत गेला. आता शिव्या पडणार म्हणून मी मान खाली घातली.

तेवढ्यात एका घराची खिडकी उघडली. मग दुसरी. मग एक बाई दार सताड उघडून पोराला म्हणाली, "अरे, गादी उचल, खालनं पन जाऊ दे!"

मला काही कळेना. तेवढ्यात एक आजीबाई काठी टेकत ट्रकापाशी आली.

"ओ भाऊ! आमच्या आळीत कदी येनार?"

"कशाला, आजी?"

"डास मारायला! दर वेळी तुमी रस्त्याकडनंच जाता. आमी काय मानसं नाय का?"

पंचायतीची डासांच्या धुराची गाडी! त्या सगळ्यांना वाटलं होतं ती आली.

"आजी, हा पंचायतीचा धूर नाही."

"मंग कुनाचा?"

"आमच्या इंजिनाचा."

"कुनाचा का असंना! डास मरत्यात ना?"

याची मी कुठलीही कसोटी घेतलेली नव्हती. (डास मेले की नाही ठाऊक नाही. माणसं मात्र झकास खोकत होती.) एकजण येऊन प्रकाशला म्हणाला, "ड्रायव्हर, जरा मागं घे, गटाराकडं तोंड कर." दुसऱ्याने तक्रार केली की आधी दवंडी का दिली नाही, त्याची बायको आत पोहे करते आहे. आणि पांढरा कडक शर्ट घातलेले एक गृहस्थ कुठूनसे आले, आमच्या बोनेटशेजारी उभे राहिले आणि सगळ्यांना हात जोडू लागले. हा धूर आपणच वरून मंजूर करून आणला, असा त्यांचा चेहरा होता. कोणीतरी त्यांचा फोटोही काढला.

अण्णा इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच हसले.

"पक्या, रेस दे रं जरा. म्हातारीचा शेवटचा बाजार हाय. कामाला येऊ दे."

"अण्णा, तेल जळतंय!" मी ओरडलो.

"जळू दे. लोकं आशीर्वाद देत्यात."

प्रकाशने रेस दिली. कशेळं गडप झालं. टाळ्या मात्र ऐकू येत होत्या.

कर्जत मागे पडलं आणि एक चमत्कार झाला. धूर कमी व्हायला लागला. प्रकाशला आरशात चक्क मागची गाडी दिसली.

"दादा, धूर उतरला बघ."

"थांब!" मी म्हणालो. "थांबव गाडी! धूर कमी म्हणजे जळायला तेलच उरलं नाही!"

प्रकाशने उतार बघून, नाक खाली करून, गाडी उभी केली. मी उतरून चाकाखाली दगड लावला, पाच मिनिटं तेल खाली उतरू दिलं आणि पट्टी काढली. बघतो तर काय, तेल खुणेच्या खाली! "बघा, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणून मी शिल्लक डबा इंजिनात रिकामा केला. त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वाटला, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

त्यानंतर खालापूर येईपर्यंत जे झालं त्याला धूर म्हणणं कमीपणाचं होईल. मागच्या गाड्यांनी भर दुपारी दिवे लावले. एका मोटारसायकलवाल्याने बरोबरीला येऊन विचारलं, "काका, पाठीमागं काय पेटलंय काय?" चौकातल्या हवालदाराने आम्हाला थांबवायला हात वर केला, पण आम्ही जवळ गेल्यावर त्याला तो तोंडावर धरावा लागला. वंदनाने पदर नाकाला लावला आणि पदराआडून म्हणाली, "सगळ्या कुंडल्यांत मंगळ बघतात. तुमच्या कुंडलीत धूर बघायला हवा होता."

हॉटेलचं आवार मात्र देखणं. समोर गुळगुळीत फरशी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट. प्रकाशने म्हातारी तिथे उभी केली आणि इंजिन बंद केलं. एकदम इतकी शांतता झाली की अण्णांनी घसा खाकरलेला आवारभर ऐकू आला.

मॅनेजर आला. टाय लावलेला, भला माणूस. त्याने चहा मागवला, अण्णांना खुर्ची दिली. मोगऱ्याची रोपंही आणून ठेवली होती, काळ्या पिशव्यांत, ओळीने. अण्णा त्या रोपांकडे पाठ करून बसले. चहाला त्यांनी हात लावला नाही.

"सर, एकच विचारायचं होतं," मॅनेजर मला म्हणाला. "इंजिन काढताना तेल किती निघेल? फरशी नवीन आहे. सांडायला नको. केवढं भांडं आणू?"

मोजमापाचा प्रश्न! मला जरा बरं वाटलं. म्हटलं, थांबा, मोजूनच सांगतो. चहाचा पेला हातात घेऊनच मी ऐटीत गेलो. पट्टी काढली, पुसली, घातली, काढली.

तेल वरच्या खुणेच्या वर होतं. थोडंसं नाही. वीतभर वर! पट्टीच्या मुठीपर्यंत तेलच तेल.

मी पट्टी पुसली, परत घातली, परत काढली. तेवढंच. रुमालाने पुसली. तेवढंच. शेवटी शर्टाला पुसली.

"काय झालं, दादा?" प्रकाशने विचारलं.

"तेल वाढलंय."

"रस्त्यात?"

"हो."

"एवढा धूर सोडून?"

"हो."

"मग हिला विकतोयस कशाला, दादा? गावाला तेलाची विहीर सापडली!"

मी बोनेटवर ठेवलेला चहाचा पेला उचलला. तळाशी घोटभर चहा उरला होता. विचारात पेला हातात कलला आणि चहा सगळा एका कडेला गेला. दुसरी कड कोरडी. मी पेला सरळ केला. चहा परत सगळीकडे सारखा. मी पेला पुन्हा कलता केला.

मग मी फरशीकडे बघितलं. मग आमच्या घरासमोरचा उतार आठवला.

म्हातारीचं नाक खाली. तेल सगळं नाकाकडे. पट्टी मात्र इंजिनाच्या मागच्या अंगाला! उतारावर पट्टी कोरडीच दिसणार. तेल पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. मी ते जास्त केलं. जास्तीचं तेल वर उसळून जळायला लागलं, म्हणून धूर. ते बिचारं इंजिन दर फेरीत जास्तीचं तेल जाळून जागेवर यायला बघत होतं, आणि मी दर रविवारी ते पुन्हा तोंडापर्यंत भरत होतो. घराच्या भिंतीला पाणसळ लावणारा मी, तेल उतारावर मोजत होतो!

"अण्णा," मी म्हणालो. "तुम्ही तेल कुठे मोजायचात?"

"खळ्यावर नेऊन. सपाटीवर."

"हे मला सांगितलं नाहीत."

अण्णा खुर्चीत वळले. "हे काय सांगाया लागतं?" मग ते थांबले. काळ्या चष्म्याच्या वर भुवया हळूहळू चढल्या. "दिन्या. तू कुटं मोजत व्हतास रं?"

मी सांगितलं.

अण्णांनी चहाचा कप उचलला, बशीत ओतला आणि आवाज करत सगळा प्यायले. मग म्हणाले, "पक्या, बादली आन."

मॅनेजरने भांड्याऐवजी दोन बादल्या दिल्या. प्रकाशने ट्रकाखाली शिरून तेलाचा बोल्ट सैल केला, आणि मी दर थोड्या वेळाने पट्टी बघत राहिलो. एक बादली भरून दुसरीत चांगलं चार बोटं आलं तेव्हा कुठे तेल दोन खुणांच्या मधे आलं. मधी म्हंजे मधी. या वेळी मी वंदनाला, प्रकाशला आणि मॅनेजरलाही पट्टी दाखवली. तिघांनी होकार दिल्यावरच बोल्ट आवळला.

आता चालू करायची कशी? सपाटी! मॅनेजरने वेटर बोलावले. टाय लावलेले सहा वेटर, एक आचारी, जेवायला आलेलं एक अख्खं कुटुंब आणि मी, असे सगळे मागून लागलो. वंदना बाजूने "आणखी! आणखी!" म्हणत होती. म्हातारी हलली, घरंगळली, प्रकाशने गिअर टाकला आणि ती खोकून उठली.

आधी निळा लोट आला. रिंगा खरंच गेल्या असतील तर? मग लोट विरळ झाला. मग आणखी विरळ. आम्ही सगळे सायलेन्सरच्या मागे अर्धवर्तुळ करून उभे. प्रकाशने रेस दिली. अण्णांनी काळा चष्मा कपाळावर चढवला. मी त्यांना अडवलं नाही.

"निळा हाय का रं, दिन्या?"

"नाही."

"काळा?"

"नाही."

"मंग कसा हाय?"

"दिसतच नाही, अण्णा. नुसती मागची हवा हलतेय."

अण्णांनी पुढे होऊन तिच्या मडगार्डवर दोन थापा मारल्या, सुगी संपल्यावर बैलाला मारतात तशा. मग मॅनेजरकडे वळून म्हणाले, "साहेब, मोगरा कुंडीत लावा. छान येतो."

मॅनेजरने मालकाला फोन लावून माझ्या हातात दिला. शब्द मी दिला होता, तेव्हा मोडायलाही मीच हवा. मी झालेलं सगळं अगदी क्रमाने सांगितलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला. तो इतका वेळ चालला की शेवटी मी फोन मॅनेजरला परत दिला. इसार घेतलेला नव्हता, त्यामुळे द्यायचं काही नव्हतं. वंदनाने डबा उघडला आणि आम्ही आवारातल्या झाडाखाली बसून जेवलो. अण्णांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

परतीच्या वाटेवर कशेळं लागलं तेव्हा उन्हं उतरली होती. ती आजीबाई रस्त्याच्या कडेला काठी टेकून उभीच होती. मागच्या आळीतल्या चार बाया, दोन गाद्या आणि एक पाळणा, सगळा जामानिमा घेऊन. म्हातारी त्यांच्यासमोरून गेली. धूर? छे! उदबत्तीएवढा नाही. आजीबाईने काठी उगारली.

"बगा! बगा! आमच्या आळीची पाळी आली की ह्यांचं औषध संपतं!"

अण्णा पुढच्या काचेतून हात जोडत राहिले. मला क्षणभर त्या पांढऱ्या शर्टवाल्या गृहस्थांची आठवण झाली.

त्याला आता वर्ष होत आलं. म्हातारी मजेत आहे. सकाळी थंड असताना थोडा धूर सोडते, पण त्या वयात सकाळचा खोकला असायचाच. अण्णांना वाकायची परवानगी मिळाली आहे, तेल तेच बघतात, खळ्यावर नेऊन. मला त्या बाजूला फिरकू देत नाहीत. दोन महिने तर शेजारच्या काकूही कुरडया वाळत घालायच्या आधी मी घरात आहे का ते बघत होत्या.

माझा मात्र सगळा कारभार बसला. परवा वंदनाला कणकण वाटत होती. मी थर्मामीटर लावला, काढला, चष्मा लावून खिडकीच्या उजेडात नीट बघितला आणि म्हणालो, "काही नाही, ताप नाही."

तिने डोळेही उघडले नाहीत. म्हणाली, "अहो, तुम्ही आधी सपाटीवर उभे राहा. मग सांगा."

मी खाली बघितलं, फरशी सपाट होती. तरीही मी दोन पावलं बाजूला सरकून परत वाचलं.